खालाच्या तळहाताला लागलेला ओंकार

आधीच सांगते, आत्मा-बित्मा मी मानत नाही. पुण्यात कॉलेजला असताना बुवाबाजीविरोधी पत्रकं वाटली आहेत, त्यापायी शिव्या खाल्ल्या आहेत. अशा गूढ अनुभवांच्या सदरात लिहिणाऱ्यांची मी चेष्टाच करायचे. त्यामुळे हे माझ्याच हातून लिहिलं जातंय याचा मलाच राग येतोय.

शारजा, रोल्ला भाग. आमच्या बिल्डिंगचा तळमजल्यावरचा हॉल, लाकडी जमीन. दर शनिवारी सकाळी साडेसहाला बाबा तिथे योग शिकवायचे. एरवी ते उम्म अल कुवैनला एका कंपनीत स्टोअरकीपर. आठ-दहा शेजारी यायचे. शवासनाची वेळ झाली की बाबा म्हणायचे, "यल्ला, चला, सगळ्यांनी मरा आता पाच मिनिटं." शेवटी सगळे आडवे असतानाच ते एकटे तीनदा ओंकार म्हणायचे.

माझ्या शेजारच्या मॅटवर रुकैया खाला असायची. मूळची रत्नागिरीची, पाचव्या मजल्यावर राहणारी. तिला ऐकू कमी येतं. शवासनात ती कानातलं मशीन काढून डबीत ठेवायची.

मला तो ओंकार खटकायचा. योग म्हणजे शरीरशास्त्र, त्यात धर्म कशाला? सरळ पत्रकच लिहून क्लासच्या ग्रुपवर टाकलं - 'योग सर्वांचा, ओंकार एका धर्माचा. मुस्लिम शेजाऱ्यांवरची मूक सक्ती थांबवा.' खाला त्या ग्रुपवर नव्हतीच.

जेवताना बाबांनी विचारलं, "खाला काही बोलली का तुला?"

"ती बोलणार नाही, यालाच सक्ती म्हणतात बाबा."

"माझ्यासाठी ती प्रार्थना आहे गं."

"मग घरी करा."

"बरं. खलास," म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले.

पुढच्या शनिवारपासून ओंकाराच्या जागी तीन श्वास शांतता. मी जिंकले होते... पण त्यांनी घरीही ओंकार सोडला. सॉरी दोनदा ओठांवर आलं. दोन्ही वेळा वाटलं, मुद्दा तर माझाच बरोबर आहे.

दोन महिन्यांनी बाबा स्टोअरमध्येच कोसळले. हॉस्पिटलपर्यंत पोचलेच नाहीत. गावी नेऊन सगळं उरकून आम्ही परत आलो.

शनिवारी लोक हॉलमध्ये येऊन बसले. शिकवायला कोणी नाही, म्हणून मीच सूचना देऊ लागले... बाबांच्या जागी बसवेना, माझ्याच मॅटवरून. शवासनाला "मरा" म्हणवेना. नुसतं "झोपा" म्हटलं. शेवटी मोबाईलवर सेकंद मोजत तीन श्वास शांतता ठेवली.

उठल्यावर खालाने मशीन कानात घातलं आणि माझा हात धरला. "बरं केलंस बाय, ओम परत चालू केलास."

"खाला, मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"मस्करी करतेस? तीन वेळा झाला. अगो, मला तो कानाने कधी आलाच नाय. मी तळहात जमिनीवर ठेवायचे, तिथून यायचा. त्याच्यावर मी आपलं अल्लाचं नाव घ्यायचे. मग बंद झाला. वाटलं, त्यांची तब्येत बरी नसेल."

तेव्हा मी तिला सांगितलं - तुझ्या नावाने, तुला न विचारता, मीच बंद करायला लावला होता. खालाने माझा हात सोडला. मग म्हणाली, "विचारायचं होतंस गो."

बाकी कुणालाही काही जाणवलं नव्हतं. मी वॉचमनला गाठलं. पाण्याचा पंप बंद होता, हॉलचा एसी बंद होता, लिफ्ट तेवढ्या वेळात हललीही नव्हती. खालाच्या मनाचा खेळ म्हणा, सवय म्हणा... मीही तेच म्हणते. पण मग त्याआधीच्या शांततेच्या दोन महिन्यांत तो भास तिला एकदाही का झाला नाही? त्यानंतरही कधी झाला नाही.

परवा न राहवून तिला विचारलं, "खाला, बाबा रागावलेले वाटले का?"

"हाताला राग कसा कळणार बाय? एवढंच कळलं, एरवी तो समोरून यायचा. त्या दिवशी तुझ्या मॅटखालून येत होता. म्हणून तर मला वाटलं, तूच म्हणतेस."

मी त्या वेळी सेकंद मोजत होते. मला काहीच जाणवलं नाही.