न छाटलेला गुलाब

आईच्या अंगणातला तांबडा गुलाब या थंडीत फुललाच नाही. झुडपासारखा पसरणारा गावठी गुलाब तो, पण त्याचा वास फाटकापर्यंत यायचा. फूल कोमेजलं की आई ते खालच्या दोन पानांसकट छाटायची. म्हणायची, "जुनं काढलं नाही, तर झाड त्यातच अडकून बसतं."

आई गेल्यानंतर आज पहिल्यांदाच मी कात्री घेऊन झाडापाशी गेले. फांद्यांवर जुनी फुलं तशीच होती, काळी पडलेली, हात लावताच चुरणारी. मी एक फांदी धरली, तेवढ्यात पायरीवर बसलेले बाबा हळूच म्हणाले, "राहू दे गं. या फुलांच्या कळ्या तिनं पाहिल्या होत्या."

झाडाला कात्रीनं समजावता येतं. बाबांना नाही. कात्री बाजूला ठेवून मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

ऊन उतरल्यावर बाबा उठले आणि रोजच्यासारखी झारी भरून आणली. आळं कोरडंच राहिलं. ते एकेका वाळलेल्या फुलावर जपून पाणी घालत होते.