गाडी उन्हात लावा: जालना ते भोकरदन, प्लगशिवाय तीन मुक्काम

शेषराव मंगळवारी गाडी न्यायला येणार होते आणि त्याआधीच्या शुक्रवारी आम्ही तीच गाडी घेऊन निघालो. शेजारच्या वहिनींनी फाटकातूनच विचारलं, विकायला काढलेली वस्तू कुणी अशी वापरायला काढतं का? मी म्हटलं, मी काढतेय.

गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. आतल्या खुर्च्या काढून दोन लांब बाकडी, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि फ्रीज बसवलेला. अशा गाडीला मोटारहोम म्हणतात, आमच्या गल्लीत ‘झोपायची गाडी’ म्हणतात. मी जालन्यात शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि विनायकराव, म्हणजे माझे यजमान, सरकारी कचेरीतून. निवृत्तीनंतर घराला कुलूप लावून हिंडायचं हे आमचं जुनं ठरलेलं. विनायकरावांना रोज इन्सुलिन घ्यावं लागतं आणि बरोबरचा साठा थंड ठेवावा लागतो, त्यामुळे आमच्या गाडीत फ्रीज ही चैन नाही.

मागच्या उन्हाळ्यात लोणारला म्हणून निघालो आणि मंठ्याहून परत आलो. गाडी बांधून देणाऱ्याने इंजिनला आणि फ्रीजला मिळून एकच बॅटरी ठेवली होती. रात्रभर फ्रीज चालला आणि सकाळी फ्रीजही बंद, गाडीही बंद. मेकॅनिक मिळेपर्यंत दुपार झाली. बाहेर नुसती आग, आणि इन्सुलिनच्या बाटल्या हाताला चांगल्याच गरम लागत होत्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, फेकून द्या. गाडी ढकलायला जे धावून आले त्यांत शेषराव होते. शाळेची मुलं ने-आण करायचा त्यांचा धंदा. घाम पुसता पुसता ते गाडीला चक्कर मारून आले आणि म्हणाले, “इकायची असली तं सांगा, साहेब.”

घरी आल्यावर विनायकरावांनी चावी खिळ्याला अडकवली. “माझ्या दुखण्यापायी तुझं फिरणं बंद पडलं. देऊन टाकू आता,” म्हणाले. त्यानंतर त्यांनी त्या चावीला हात लावला नाही. गाडी अंगणात लिंबाखाली उभी राहिली आणि हे तिच्याकडे पाठ करून पेपर वाचायला लागले. मला त्या बॅटरीचा इतका राग आला की काय सांगू.

होळी झाल्यावर त्यांनी शेषरावांना शब्द देऊन टाकला. मग मीही माझी अट घातली. गाडीची वीज मी नव्याने करून घेते. तीन मुक्काम बाहेर करू, कुठेही प्लग लावायचा नाही. फ्रीज थंड राहिला तर गाडी आपली.

“आणि न्हाई राह्यला तर?”

“तर मंगळवारी चावी शेषरावांना, मीच देईन.”

“बराबर,” म्हणाले. पण त्या ‘बराबर’मध्ये काही जीव नव्हता.

ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, ज्यांना नाही त्यांनी सरळ राजूरला पोचावं. फ्रीजसाठी वेगळी बॅटरी घेतली, इन्व्हर्टरला लावतात तसली मोठी. टपावर सौरऊर्जेची दोन पॅनलं, आणि त्यांची वीज बेताने बॅटरीत सोडणारी एक डबी. बॅटरी फार उतरली की ही डबी ओरडते आणि फ्रीज तोडते. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये एक रिले टाकला. इंजिन चालू असलं की दोन्ही भरतात, बंद झालं की एक दुसरीला खात नाही. गाडीतला घरगुती फ्रीज काढला आणि डॉक्टर लशींसाठी ठेवतात तसला बारा व्होल्टचा छोटा पुण्याहून मागवला. खर्च सगळ्यात जास्त पॅनलांचा आला. तिथे काटकसर करू नका, आणि तारेतही नको.

तारेवरून गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या आमच्या सलीमभाईंशी माझं वाजलं. ते म्हणाले, “मॅडम, एवढी जाडी तार कायला? बारीक बी चालती की. बिलकुल चालती.” मी म्हटलं, व्होल्ट कमी म्हणजे करंट जास्त, तार तापते आणि अर्धी वीज रस्त्यातच जाते. त्यांनी हात जोडले आणि जाड तार ओढली. जन्मभर फळ्यावर सर्किट काढली, पण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आडवं पडायची वेळ आता आली. पाठ धरली, पण मजाही फार आली.

शुक्रवार, राजूर. स्टिअरिंगवर मी. जालना-राजूर रस्ता सध्या असा आहे की भांडी कपड्यात गुंडाळून ठेवा. गणपतीचं दर्शन घेतलं, खाली गरम भजी खाल्ली आणि ओळखीच्यांच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. सकाळी उठून आधी फ्रीजमधला थर्मामीटर बघितला. मी त्यावर लाल पेनने दोन खुणा केल्यात, काटा त्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. काटा मधोमध होता. विनायकरावांना दाखवला, तर म्हणाले, “एकच रात्र झाली.”

शनिवार, हसनाबाद. इथे विनायकरावांचे चुलतभाऊ बापूराव राहतात, त्यांची शेती आहे. अंगणात पाऊल टाकलं की त्यांची बायको, माझी जाऊ कुसुम, पाण्याचा तांब्या घेऊन हजर. जेवायला भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. विनायकरावांना मोजून खावं लागतं आणि कुसुमला मोजून वाढणं माहीत नाही, त्यामुळे ताटावर दरवेळची लढाई.

गावात लाईट नव्हती. ती दिवसाचा बराच भाग नसतेच आणि आली तरी कधी येईल ते सांगता येत नाही. ‘दादाच्या गाडीत लाईट हाये’ ही बातमी मात्र लगेच गावभर झाली. संध्याकाळपर्यंत माझ्या बाकड्यावर मोबाईलची रांग लागली. मोबाईल किती खाणार, म्हणून लावू दिले. मग दोघं-तिघं बापूरावांचा टीव्ही उचलून घेऊन आले. मॅच होती.

इथे मला नाही म्हणावं लागलं. पाहुणी म्हणून आलेल्या बाईने दिराच्या अंगणात, चार माणसांत नाही म्हणायचं, आणि तेही मोठ्या जावेने. बापूरावांचा चेहरा उतरला.

“भाऊजी, ही वीज माझी नाही,” मी म्हटलं. “फ्रीजमध्ये तुमच्या दादांचं औषध आहे. ते गरम झालं तर वाया जातं.”

“असं व्हय,” बापूराव म्हणाले. “मंग जाऊ द्या वहिनी. चला रे, उचला टीव्ही.” मग त्यांनी टपाकडे बघून विचारलं, “लई गरम होत असंल न्हाई गाडी, उन्हात?”

मी म्हटलं, होते ना. तेवढंच म्हटलं.

रविवार. सकाळीच बापूराव म्हणाले, तुम्ही शेतावर जा, मी गावात थांबतो, थोडं काम हाये. कुसुमबरोबर आम्ही गिरजा नदीच्या बाजूला त्यांच्या मळ्यात गेलो. ज्वारी निघालेली, कडब्याच्या गंजी लागलेल्या, मोसंबीखाली गार. तिथेच धपाटे आणि दही खाल्लं. कुसुम सांगत होती, भोकरदनला तिची आई असते, गुडघ्याने बसून आहे, दिवाळीपास्नं जाणं झालं न्हाई, एसटीत उभ्यानं जायचं जिवावर येतं. ऊन उतरल्यावर परत आलो.

गाडीचं दार उघडलं आणि आतून गारवा आला. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, वा, काय गाडी बांधलीय. आणि पाठोपाठ ऐकू आलं, ती डबी ओरडत होती.

बॅटरी उतरली होती. दिवसभर कडक ऊन, आणि बॅटरी रिकामी. फ्रीज तुटला होता आणि काटा वरच्या लाल खुणेच्या अगदी जवळ आला होता. मी फ्यूज तपासला, तारा ओढून पाहिल्या, रिलेवर टिचकी मारली. सगळं जागच्या जागी. विनायकराव पायरीवर बसले होते. “झालं,” एवढंच म्हणाले आणि फ्रीजमधलं औषध ठेवायला कुसुमकडे ओला फडका मागितला. तो ‘झालं’ मला आतवर लागला. ते हरायची वाटच बघत असल्यासारखे बसले होते, म्हणजे एकदा संपलं की पुन्हा आशा नको.

एकच जागा बघायची राहिली होती. मी शिडी मागवली आणि टपावर चढले.

टपावर कडबा होता. पेंढ्यांवर पेंढ्या, सारख्या नीट रचलेल्या, आणि त्यांच्यावर ओली पोती. पॅनलांचा एक कोपराही दिसत नव्हता. उंच टपावरचं हे खालून काहीच दिसलं नव्हतं.

खाली बापूराव उभे होते, हातात बादली, अंग घामाने भिजलेलं. “वहिनी, दिसभर पोती भिजवून राह्यलो,” म्हणाले. “दादाचं औषध गार ऱ्हावं म्हणून. बैलाच्या वाट्याचा कडबा चढिवला सगळा. आत गार झालं का न्हाई?”

मला रडावं का हसावं कळेना. त्या माणसाने आपली बादली आणि आपला अख्खा दिवस भावाच्या औषधावर घातला होता. मी टपावरूनच म्हटलं, “झालं भाऊजी, छान गार झालं.” आणि पोती, पेंढ्या सगळं खाली टाकलं. पण ऊन गेलं होतं, पॅनलांना आता काय खायला घालणार?

इंजिन मात्र होतं. जागेवर घुरघुरत ठेवण्यापेक्षा गाडी पळवली तर बॅटरी चांगली भरते. मी खाली उतरले आणि साडीचा पदर खोचला. “कुसुम, पिशवी भर. आईकडे चाललोय आपण.”

“आत्ता, ताई?”

“आत्ताच. भाऊजी, तुम्ही पण चला. जल्दी.”

बापूरावांना अजून काही कळलं नव्हतं, पण माहेरच्या वाटेवर गाडीत गादीवर बसून जायचं म्हटल्यावर कुसुमने विचार केला नाही. भोकरदनला सरळ न जाता मी मुद्दाम लांबचा वळसा घेतला. मागे कुसुम खिडकीतून जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्याला हाक मारत होती. वाटेत मी बापूरावांना पॅनलाचं काम समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजी ते ऊन खातंय? मंग मी त्याला उपाशीच ठिवलं की दिसभर.” विनायकराव हसले. किती महिन्यांनी हसले.

मग मी कुणाला सांगितलं नव्हतं तरी ते माझ्या शेजारच्या सीटवरून उठले, टॉर्च घेऊन मागे गेले आणि फ्रीजपाशी खाली बसले. थोड्या वेळाने मागून आवाज आला, “फ्रीज सुरू झाला.” आणखी काही अंतर गेल्यावर, “काटा थांबलाय.” भोकरदनचे दिवे दिसायला लागले, तेव्हा ते म्हणाले, “उतरून राह्यला. मंगल, उतरून राह्यला काटा.” मी रस्ता सोडून मागे बघू शकत नव्हते, म्हणून नुसतं “हं” म्हटलं. काटा खुणेला टेकला होता, पण ओलांडून गेला नव्हता.

सोमवार, परत. भोकरदनला कुसुमच्या आईच्या दारात सकाळचं ऊन थेट टपावर येत होतं. पॅनलांनी पोटभर खाल्लं. गावात नदीकाठी जुनी लेणी आहेत, वेळ असेल तर बघा. आम्ही बघितली नाहीत, आम्ही थर्मामीटर बघत बसलो. कुसुम चार दिवस आईकडेच राहिली. बापूरावांना एसटीत बसवून दिलं. जाताना त्यांनी टपाला हात लावून नमस्कार केला.

दुपारी जालन्याला पोचलो. मी सवयीने गाडी लिंबाखाली लावली, चावी खिळ्याला अडकवली आणि सामान आत नेलं. तुमच्या उपयोगाचं सांगायचं तर, सावलीत उभं राहणाऱ्या गाडीला पॅनलं लावू नका. आणि ज्यांच्याकडे उतराल त्यांना टपावर काय आहे ते आधी सांगा. आपली माणसं पाहुण्याला सावलीत बसवतात, उन्हात कधीच नाही, आणि ती तशीच राहावीत असं मला वाटतं.

मी चहा टाकत होते, तेवढ्यात अंगणात इंजिनचा आवाज आला. खिडकीतून बघितलं. खिळ्यावर चावी नव्हती. विनायकराव स्टिअरिंगवर होते आणि गाडी हळूहळू मागे घेत लिंबाच्या सावलीबाहेर काढत होते. मोकळ्या जागेत आणून त्यांनी ती उभी केली, खाली उतरले, कपाळावर हात धरून टप बघितला. एक फांदी आड येत होती. परत आत बसले आणि आणखी थोडी पुढे घेतली.

मंगळवारी शेषराव आले. गाडीच्या पत्र्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

“साहेब, एवढी सावली हाये, अन् गाडी उन्हात कायला लावली?”

“जेवून राह्यली ती,” विनायकराव म्हणाले. “चहा घ्या, शेषराव. उद्या लोणारला निघायचंय आम्हाला.”