माऊन आणि भिंतीतली वीट

मला अजून राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

अकोल्यात माझ्या माहेरची आणि मुनीराखालाची भिंत एकच. तिच्यातली एक वीट मी लहान असल्यापासून काढलेली. त्या भोकातून मीठ यायचं, सुईदोरा जायचा, ईदचा शीरखुर्मा यायचा, बुद्धपौर्णिमेची खीर जायची. खालाच्या मुलाने, मुश्ताकने, बोअर मारल्यावर पाण्याची नळीही तिथूनच यायला लागली. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाचा भरवसा नसतो. माझी आई जाईबाई त्या नळीवरच उन्हाळा काढायची.

खाला गल्लीतल्या पोरींना कुराण शिकवायची. अरबी पाठ झालं की अर्थ साध्या बोलीत सांगायची. माऊन नावाची छोटी सुरह, म्हणजे कुराणातला अध्याय, मला त्या भोकातूनच कळली. जुने सांगणारे सांगतात, मक्केत एक सरदार उंट कापायचा. एक अनाथ पोर मटण मागायला आलं, तर त्याने काठी उगारून हाकललं. त्या सरदाराचं नाव कोणी एक सांगतो, कोणी दुसरं. सुरह म्हणते, न्यायाचा दिवस खोटा मानणारा पाहायचाय? मग अनाथाला धक्का मारणारा पाहा, भुकेल्याला जेवू घाला असं कुणालाही न सांगणारा पाहा. पुढे ती नमाजींवरच उलटते. जे नमाजीत बेफिकीर असतात, सगळं दाखवण्यापुरतं करतात आणि वापरायची साधी वस्तूही कुणाला देत नाहीत, त्यांचा धिक्कार असो.

"माऊन म्हंजे तेच," खाला भोकाशी येऊन आईला सांगायची. "बादली, दोरी, मीठ, पानी. सोनं कोन मांगून राहिलं?"

यंदा मी बाळंतपणाला आले, तेव्हाच मुश्ताक मक्केला जाऊन उमरा करून परतला. त्याने घराला नव्या फरशा लावल्या आणि त्या विटेची जागा सिमेंटने बुजवून टाकली. पाहुण्यांसमोर भोक वाईट दिसतं म्हणे.

आई त्याच्या दारात गेली. "घरात बाळंतीन हाय, बापू."

"काकू, टँकर येते ना," तो म्हणाला आणि आत गेला.

खाला बादली भरून आमच्याकडे आणायला लागली, तर लोक काय म्हणतील म्हणून त्याने अंगणातल्या नळाची तोटीच काढून ठेवली. माझी आई वाकल्या कमरेने टँकरखाली घागर धरायची आणि हा घरातून पाइप लावून अंगण धुवायचा. माझ्या बाळाचे लंगोट वासाने ओळखू यायचे. माझं टाळकं सरकायचं. खाला त्याच्याशी भांड भांड भांडली, शेवटी बोलणंच टाकलं. तो ढिम्म.

मग त्याने अंगणात मंडप घातला. उमऱ्याच्या आनंदात जेवण आणि एका मौलानांचं प्रवचन. "अम्मी, कौनसी सूरह रखूं?" त्याने विचारलं.

"माऊन," ती एवढंच बोलली. लहान आहे, लवकर आटपेल म्हणून तो खूश झाला.

मौलाना चांगलंच समजावत होते. लाउडस्पीकरवर बादली आली, मडकं आलं, पाणी आलं, आणि गल्लीत टँकर आला. खाला मंडपातून उठली. आमच्या ओट्यावरची घागर उचलून, आईला बाजूला सारून रांगेत उभी राहिली. सगळा मंडप वळून बघायला लागला. मौलानाही थांबले.

मुश्ताक धावत आला. "अम्मी, अंदर चलो. अपने घर में पानी है."

"तेरे घर में है. जिस पानी में जाईबाई का हिस्सा नहीं, उससे मेरा वुजू नहीं होता."

घागर भरून तिने आमच्या न्हाणीत ठेवली. दिवस मावळला, मगरिबची अजान झाली. आईला विचारून तिने त्यातलं तांब्याभर पाणी घेतलं, ओट्यावर बसून नमाजीआधीचे हात-तोंड-पाय धुतले, वुजू केला आणि नमाज आमच्या खोलीत, माझ्या बाळाच्या पाळण्याजवळ पढली.

नमाज होईपर्यंत मुश्ताक मान खाली घालून दारात उभा होता. मग हलकेच म्हणाला, "अम्मी, अब तो चलो."

खाला जागची हलली नाही. तिने भिंतीवरच्या सिमेंटच्या त्या नव्या चौकोनाकडे बोट दाखवलं.

"बुलाना है, तो उधर से बुला."