फळ्याशी बोलणाऱ्या बाई

प्रशिक्षण म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. सही करा, चहा-वडा घ्या, गटचर्चेचा फोटो काढा आणि घरी जा. दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गात कसं शिकवावं याचं प्रशिक्षण वसईतच आहे हे कळलं, तेव्हा मला आनंद झाला तो प्रवास वाचल्याचा.

पण डोक्यात माझ्या चौथीतली एक मुलगी होती. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. कानाला यंत्र, तरी बरंचसं ती आमच्या ओठांवरूनच समजून घ्यायची. वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तिची मासळी विकणारी आई नुकतीच सांगून गेली होती, "बाई, पोरीला काय समजत नाय. दिवाळीनंतर नाव काढते. येल माज्यासंगती लिलावाला." मला वाईट वाटलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

प्रशिक्षण देणारी माझ्या लेकीएवढी. तिने आम्हाला कानात कापसाचे बोळे घालायला लावले आणि अपूर्णांक शिकवायला घेतले. फळ्याकडे वळून लिहिता लिहिताच बोलत होती. मला एक शब्द कळेना. शेवटी माझं डोकं फिरलं.

"अहो मॅडम, इकडे तोंड करून बोला की!"

ती हसली आणि खडू माझ्या हातात दिला. "आता तुम्ही शिकवा, बाई." मी फळ्यावर दोन आकडे लिहिते न लिहिते तोच सगळे शिक्षक बाक बडवायला लागले. मीही फळ्याशीच बोलत होते.

जित्याची खोड ती. म्हणून वर्गातल्या पोरांना सांगून टाकलं, मी फळ्याशी बोलले की बाक वाजवा. माकडांच्या हाती कोलीतच दिलं म्हणा ना! पण हळूहळू मी लिहून झाल्यावर वळून बोलायला लागले आणि ती मुलगी मान खाली घालायची थांबली.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आई नाव काढायला आली. टोपली दाराबाहेर ठेवून उभी राहिली. तिला पाहून माझं लक्ष उडालं, गणित सांगत मी फळ्याकडे वळले. मागून धाडकन बाक वाजला.

"बाई, इकडं बगा ना!"

आवाज अनोळखी होता. वळून पाहिलं तर तीच मुलगी, उभी, चांगलीच चिडलेली.

आई म्हणाली, "ही बोलली?"

"बोलली कसली, ओरडली माझ्यावर," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते.

आईने टोपली उचलली आणि एकटीच लिलावाला गेली.