केक कुणी केले?

डेलिथ प्रॉसरला गप्प बस म्हणणं म्हणजे शिक्षाच. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं पोरांना वाढलं, तेही अखंड बोलत. आमच्या चढावरच्या गल्लीत कुणाचं काय दुखतं, कुणाकडे कोण आलंय, सगळं तिला ठाऊक. लहानपणी चॅपलमध्ये प्रवचन सुरू झालं की तिची आई तिच्या तोंडात पेपरमिंटची गोळी कोंबायची. गोळी विरघळेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. त्या मंगळवारी सुनावणीच्या खोलीत शिरताना साठीच्या डेलिथनं आपण होऊन तोंडात गोळी टाकली.

सल्ला केंद्रातल्या माणसानं तिला बजावलंच होतं तसं. मैत्रीण म्हणून शेजारी बसा, पाणी द्या, धीर द्या, पण उत्तरं एरवेनलाच देऊ द्या. मध्ये तोंड घातलंत तर तिचंच नुकसान होईल.

एरवेन बीव्हन ही डेलिथची त्याच स्वयंपाकघरातली जोडीदारीण. संधिवातानं एरवेनची बोटं वाकडी झाली, गुडघे कामातून गेले. तिला अपंगांचा सरकारी भत्ता मिळायचा आणि त्या भत्त्यावर गाडी. गाडी डेलिथ चालवायची. दर रविवारी दोघी डोंगरापलीकडच्या निवासी केंद्रात इडवलला भेटायला जायच्या. इडवल एरवेनचा धाकटा भाऊ, पन्नाशीचा, पण मनानं अजून लहानच. आईबाप गेल्यावर त्याला या बहिणीशिवाय कुणी नाही. मग भत्त्याच्या फेरतपासणीला घरी माणूस आला, भत्ता बंद झाला, गाडी परत गेली. रविवारी डोंगरापलीकडे बस जात नाही. इडवल मात्र दर रविवारी कोट घालून खिडकीत बसतोच, असं तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं. त्या दिवशी एरवेन जेवली नाही. भत्त्यासाठी केलेलं हे अपील हरलं तर गाडी विसरायची, हे दोघींनाही पक्कं माहीत होतं.

त्या मंगळवारी सकाळी सातला येऊन डेलिथनं तिचे केस विंचरले, निळा कोट चढवला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली. आमच्याकडे माणूस मरायला टेकला तरी चालेल, पण चार लोकांसमोर गबाळं जायचं नाही. लिपस्टिकसुद्धा लावली बयेनं.

टेबलापलीकडे तिघं होते. मऊ बोलणाऱ्या न्यायाधीश बाई, एक चष्म्यातले डॉक्टर आणि चाकाच्या खुर्चीत बसलेले हॉपकिन साहेब. हे साहेब आमच्याच कुठल्या तरी दरीतले, बोलण्यावरून कळत होतं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, दिवस कसा जातो. एरवेन म्हणाली, तसं बरं चाललंय, तक्रार नाही. डॉक्टरांनी कपडे घालण्याबद्दल विचारलं. म्हणाली, वेळ लागतो, पण होतं.

काय म्हणावं या बाईला! हिचं सगळं आयुष्य 'बरं चाललंय' म्हणण्यात गेलं, पण आज तरी खरं बोलायचं होतं की नाही? डेलिथनं दातांनी पेपरमिंट कडाकडा फोडली. डॉक्टरांनी वर पाहिलं.

मग न्यायाधीश बाईंनी तपासणीच्या अहवालातला एक परिच्छेद वाचून दाखवला. घर लखलखीत होतं. बाईंनी स्वतः केलेले, मनुका घातलेले ताजे केक चहाबरोबर दिले. त्याअर्थी बाई उभ्यानं स्वयंपाक करू शकतात.

ते केक डेलिथनं केले होते. तो माणूस येणार म्हणून पहाटे उठून केले, गुडघ्यांवर बसून फरशी पुसली आणि तो दारात यायच्या आत मागच्या दारानं निघून गेली. पाहुण्याला वाटायला नको, की एरवेनचं घर दुसऱ्याच्या जिवावर चालतं. डेलिथनं अहवालाचे कागद मागितले की एरवेन म्हणायची, कुठेतरी ठेवलेत गं. आता कळलं का दाखवले नाहीत ते. म्हणजे गाडी आपणच घालवली, आणि ही सहा महिने मूग गिळून बसली.

"केक तुम्हीच केले होते?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"हो," एरवेन म्हणाली.

डेलिथ खुर्चीतून अर्धी उठली. न्यायाधीश बाईंनी हात वर केला. तुम्हाला नंतर विचारीन, आत्ता नाही, म्हणाल्या. डेलिथ खाली बसली. जीभ चावून धरली होती.

तेवढ्यात हॉपकिन साहेब पुढे वाकले. केक कशावर केले, त्यांनी विचारलं. तव्यावर, आपल्याकडे भाजतात तसेच, एरवेन म्हणाली. आईचा तवा आहे. लोखंडी.

"माझ्याही आईचा होता," ते म्हणाले. "मी धडधाकट होतो तेव्हासुद्धा मला तो एका हातानं उचलत नव्हता. तुमचा तवा शेगडीवर कोण चढवतं, मिस बीव्हन?"

एरवेननं नजर मांडीवरच्या हातांकडे वळवली. डेलिथनं फार सोसलं, पण अखेर तिच्या तोंडून निघालंच, अगदी हळू.

"एरवेन, इडवल कोट घालून बसतो गं."

न्यायाधीश बाईंनी या वेळी हात वर केला नाही. एरवेननं दोन्ही हात मांडीवरून उचलले आणि वाकड्या बोटांनिशी टेबलावर ठेवले.

"तवा ही चढवते," ती म्हणाली. "केक हिनं केले. घर हिनं पुसलं. माझी आजची बटणंही हिनंच लावलीत, आतले हूकसुद्धा. दोन वर्षं झाली. घरी आलेल्याला दुसरीच्या हातचा केक द्यायची लाज वाटली, म्हणून खोटं बोलले. मला काहीच जमत नाही आता."

यानंतर त्यांनी डेलिथलाही विचारलं. आणि काय सांगावं, तिनं मोजून चार वाक्यं सांगितली.

निकालासाठी त्यांना बाहेर बसवलं. पाऊण तास एरवेननं तिच्याकडे पाहिलं नाही. मीच घालवली तुझी गाडी, असं डेलिथ म्हणाली तेव्हा, गप गं, एवढंच म्हणाली. शेवटी आत बोलावलं. अपील मान्य झालं होतं.

बाहेर पायऱ्यांवर एरवेनला रुमाल हवा होता, पण पर्सची चेन उघडेना. डेलिथनं उघडून दिली. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि हे गल्लीत सांगितलं तर कुणाला पटणार नाही.

एरवेननं डोळे पुसले, नाक शिंकरलं.

"गाडी आली की इडवलकडे न्यायला केक कर," ती म्हणाली. "आणि या खेपेला करपवू नकोस. ते करपलेले केक मी केले म्हणून सांगताना जीव गेला माझा."