ओव्याचा वास

माझ्या पित्तनलिकेतला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढायचा ठरला, तेव्हा डॉक्टर खड्यापेक्षा स्वादुपिंडाबद्दलच जास्त बोलले. पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांची तोंडं शेजारीशेजारी. एकीत शिरताना दुसरी दुखावली की स्वादुपिंड सुजतं, आणि ती सूज कधी कधी जिवावर बेतते. ती टाळायला गुदद्वारातून एक गोळी देऊ, सलाईन भरपूर चढवू, असं ते म्हणाले. गोळीचं ऐकून नवरा लाजून खिडकीबाहेर बघायला लागला. उरलेलं काम माझं होतं. सांगेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, आणि पोट किंवा पाठ दुखली की लगेच बोलायचं.

लगेच बोलणं आमच्या घराण्यात कुणाला जमलंय? उमरेडला माझी आई हातमागावर बसायची. पोटात कळ आली की गॅस आहे म्हणायची आणि चिमूटभर ओवा तोंडात टाकून पुन्हा धोटा फेकायची. तो गॅस खरं म्हणजे काय होता, ते आम्हाला कधी कळलंच नाही. ओवा चघळतच ती गेली. मला त्याचा अजून राग येतो, तिचा आणि ओव्याचासुद्धा.

खडा निघाला. दुपारी मी खाटेवर गुंगीत पडले होते. सलाईनचे थेंब पडत होते, पडदा हलत होता, आणि कुठूनसा ओव्याचा वास आला. मग खोलीत हातमागच आला. आई पाठमोरी बसलेली, ताण्याचे धागे लांबच लांब, पार छतापर्यंत गेलेले. इतकं शांत वाटलं की तिथंच राहावं. मागाचा ठोका पडला की माझ्या पाठीत बसायचा. खट. पुन्हा खट. आई वळली आणि तिनं तळहात पुढं केला. त्यावर ओवा होता.

"गॅस असन वं," ती म्हणाली. "टाक तोंडात."

घ्यावासा वाटला, खूप वाटला. तिच्या हातचं काही खाऊन किती वर्षं झाली होती.

"नाही माय," मी म्हणाले. "गॅस नाही. मले दुखून राहिलं."

डोळे उघडले तर नवरा माझ्यावर वाकलेला. मी ते मोठ्यानं बोलले होते. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यानं माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. चप्पल न घालताच तो सिस्टरला बोलवायला धावला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं, सलाईन वाढवलं. सकाळपर्यंत दुखणं ओसरलं आणि रिपोर्टही चांगला आला. लगेच सांगितलंत ते बरं केलंत, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्याचा शर्ट धुवायला टाकताना मी सवयीनं खिसा चाचपला. आत कागदाची पुडी होती, ओव्याची. गॅस झालाच तर असू द्यावा म्हणून त्यानं ती घरून नेली होती, आणि दिवसभर तोच वास घेऊन माझ्यावर वाकत होता. पुडी मी उलटसुलट करून पाहिली. तिची घडी मोडलेली नव्हती.