कपाटातला बेडूक

शिवाजी पेठेत दस्तगीर पेंटरचं दुकान कुणीही दाखवायचं. दुकानापुढं पाच-सहा सायकली दिसल्या की समजायचं, कॉलेजातल्या जर्नलांचे दिवस आले. बोर्ड रंगवणं हा त्याचा धंदा, पण डिसेंबर उजाडला की बोर्ड कोपऱ्यात जायचे आणि दुकानभर वह्या साचायच्या. प्राणिशास्त्राचा बेडूक, वनस्पतिशास्त्राची जास्वंद, इंजिनिअरिंगच्या पोरांचे नट-बोल्ट, भूगोलाचे नकाशे, सगळं त्या एकाच हातातून निघायचं. दस्तगीर स्वतः सातवी नापास.

त्याच्या हाताला सारखेपणाचं वेड होतं. डावीकडं एक वेलबुट्टी काढली तर उजवीकडं तश्शीच पाहिजे. गारगोटीच्या कृष्णातनं अर्थशास्त्रासाठी तिथल्या बाजाराची पाहणी केली आणि सहा महिन्यांचे आकडे आलेख काढायला आणून दिले. दस्तगीरनं जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढते स्तंभ काढून ठेवले.

"आकडं खालीवर हायत की हो," कृष्णात म्हणाला.

"असूंदेत की. तसं काढलं तर पडक्या दातांगत दिसतंय."

आणि कृष्णात पास झाला! आता अशा माणसाला कोण काय शिकवणार?

पण दस्तगीरचा खरा जीव अडकला होता कॉलेजातल्या एका काचेच्या कपाटात. प्राणिशास्त्र विभाग दरसाल सगळ्यात चांगलं जर्नल ठेवून घ्यायचा आणि बेडकाच्या विच्छेदनाचं पान उघडून त्या कपाटात मांडायचा. अकरा वर्षांची अकरा जर्नलं तिथं होती. वर नावं अकरा पोरांची, आत बेडूक अकराही दस्तगीरचे. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून जायचा, कपाटापुढं उभा राहून लोकांची वाहवा ऐकायचा आणि मुकाट्यानं घरी यायचा. "नाव कुणाचं का असंना, हात माझा हाय," एवढंच बायकोला, नजीराला, सांगायचा. बोलायला ते सोपं होतं. खरं तर आपलं नाव तिथं नाही हे त्याला सलायचं, आणि दरसाल जरा जास्तच सलायचं.

चौऱ्याहत्तर साली त्याला शालन आडवी आली. समोरच्या बोळातल्या अण्णासो टेलरची ही पोरगी, घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. पेठेतली सगळी पोरं जर्नल घेऊन दस्तगीरकडं यायची, ही एकटी यायची नाही. आपल्या आकृत्या आपण काढायची. तेवढं दस्तगीरनं चालवून घेतलं असतं. पण एक दिवस गिऱ्हाईक पोरांनी बातमी आणली की विभागात इंगवले म्हणून नवे सर आलेत, आणि त्यांनी शालनचा बेडूक वर्गात हातात धरून दाखवला. म्हणाले, यंदा कपाटात हाच.

दस्तगीरच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळिशी उलटलेला बाप्या, पण एकोणीस वर्षांच्या पोरीवर जळत बसला. ती बोळातून जाताना दिसली की त्याचा ब्रश थांबायचा. कपाटात आपल्या अकरा बेडकांशेजारी परका बेडूक बसणार, आणि वर काढणाराचं खरं नाव असणार, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरेना.

"हुशार हाय पोरगी," नजीरा सहज म्हणाली.

"हुशार हाय तर बोर्ड रंगवूंदे की! मी जातो चहाचा गाडा टाकायला!"

आणि नेमकी त्याच आठवड्यात शालन दुकानात आली. "मामा, कव्हरवर माझं नाव घालून देता? तुमच्यागत अक्षर साऱ्या पेठेत कुणाचं न्हाय. परवा सरांची सही घ्यायची हाय." जर्नल ठेवून ती गेली.

भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दस्तगीरनं ते उघडलं. खोट शोधायलाच उघडलं होतं आणि ती लगेच सापडली. बेडकाचं यकृत वाकडं होतं. डावा भाग मोठा, उजवा बारका. "ह्याची म्हणं वाहवा!" तो मोठ्यानं हसला. पण हसू फार टिकलं नाही. तो जातीचा कारागीर होता. ती रेघ त्याला कळत होती. न अडखळता, पेन्सिल न उचलता काढलेली जिवंत रेघ. अशी रेघ आपल्याला जमत नाही हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि तेच सोसवेना.

त्यानं शाई सांडली नाही, पान फाडलं नाही. खोडरबर घेतलं, तिचा बेडूक पुसला आणि त्या जागी आपला काढला, यकृताचे दोन्ही भाग विड्याच्या जोडपानांसारखे सारखे. कपाटातला बारावा बेडूकही आता त्याचाच असणार होता. त्याचं काळीज निवलं. मग कव्हरवर त्यानं तिचं नाव असं सुरेख घातलं की शालन न्यायला आली ती कव्हरच बघत राहिली आणि आत न बघताच गेली.

तिसऱ्या दिवशी तिनं जर्नल त्याच्यापुढं आपटलं. डोळे लाल झाले होते.

"सही दिली न्हाय सरांनी. कपाटापुढं नेलं मला. म्हणाले, अकरा जर्नलांत हाच बेडूक हाय, असलं यकृत कुठल्याच बेडकाला नसतं. तूसुद्धा आपला पुसून दुसऱ्याकडून काढून आणलास?"

दस्तगीरनं हातातला ब्रश डब्यात ठेवला.

"सही न्हाय तर परीक्षेला बसता येत न्हाय, मामा. वर्ष गेलं तर बा मला मशीनवर बसवणार. का केलासा असं?"

शालननं डोळे पुसले. "तुमचं नाव न्हाय सांगितलं मी. सांगितलं असतं तर तुमचा धंदा बुडाला असता." आणि ती निघून गेली.

शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. आता कॉलेजात जाऊन खरं सांगायचं म्हणजे अकराही बेडकांवर पाणी सोडायचं. संध्याकाळपर्यंत तो एकाच बोर्डावर एकच अक्षर गिरवत होता. नजीरानं आतून सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "शर्टाला इस्त्री करून ठेवलीया. सकाळी जावा."

तो शालनचं जर्नल घेऊन गेला. इंगवले सरांपुढं सगळं कबूल केलं, शालनच्या पानाचं आणि कपाटातल्या अकरांचंही. सर रागावले नाहीत. त्यांनी मेणाचा ट्रे पुढं सरकवला. त्यात टाचण्या लावून उघडलेला बेडूक होता. अकरा वर्षं बेडूक काढणाऱ्या दस्तगीरनं बेडकाचं पोट आज पहिल्यांदा बघितलं. डावा भाग मोठा, उजवा बारका.

"सगळ्या बेडकांचं असंच असतंय?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांचं."

शालनला बोलावून सरांनी तिथंच, त्याच जर्नलात, समोरच्या कोऱ्या पानावर बेडूक काढायला लावला आणि सही दिली. दस्तगीरच्या बेडकावर त्यांनी लाल फुली मारली. "खाली तुमचं नाव घाला," ते म्हणाले. त्यानं घातलं. अकरा जर्नलं त्याच दिवशी कपाटातून निघाली. पुढं आकृत्या वर्गातच काढायचा नियम झाला आणि दुकानापुढच्या सायकली कमी झाल्या.

प्रदर्शनाला तो नजीराला घेऊन गेला. कपाटात एकच जर्नल होतं. एका पानावर फुली मारलेला बेडूक, समोरच्या पानावर शालनचा. नजीरानं काचेला नाक लावून अक्षरं लावत वाचलं, "दस्तगीर पेंटर, शिवाजी पेठ! अवो, तुमचं नाव!"

अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते नाव समोर होतं. दस्तगीर तिकडं बघतच नव्हता. त्याची नजर समोरच्या पानावर होती, त्या यकृताच्या एका रेघेवर.

"अजून जळतंय व्हय?" नजीरानं हळूच विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "लई."